अळशीचं तेल आणि फर्स्ट बेस

रविवार, मार्चचा तिसरा आठवडा, लंडनजवळचं स्लाऊ. सकाळ. बाहेर पाऊस, पण पडतोय म्हणावं इतका नाही. हवेतच लटकलेला.

हजर: मी. नवरा, डायनिंग टेबलाशी, लॅपटॉपसकट, म्हणजे निम्माच हजर. मुलगी, वय तेरा, जिन्याच्या खालच्या पायरीवर, एक मोजा पायात आणि एक हातात. सासरे, दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून आलेले, कानटोपी घालून मागच्या दाराशी, आमच्याकडे पाठ करून. गैरहजर: ऊन.

कामं: मुलीची बेसबॉलची ट्रायल, मग आठवड्याची भाजी, शाळेचा स्वेटर धुणे, बाथरूमच्या खिडकीवरची बुरशी पुसणे. मी याद्या करते. ट्रेडिंग इस्टेटमधल्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, एका गोदामात माल कधी आत येणार आणि कधी बाहेर जाणार हे बघायचं माझं काम आहे. दिवसभर दुसऱ्यांचे ट्रक वेळेवर लावून घरी आलं की आपलं घरही त्याच शिस्तीत चालावं असं वाटतं. चालत नाही. पण यादी असली की निदान काय राहिलं ते कळतं.

त्या रविवारी खरं तर एकच काम महत्त्वाचं होतं. ट्रायलमध्ये पास झाली तर मुलगी उन्हाळाभर क्लबच्या टीममध्ये खेळणार होती, फर्स्ट बेसवर. नाही झाली तर पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. आणि ज्या ग्लोव्हच्या भरवशावर ती जाणार होती तो ग्लोव्ह बंद होत नव्हता.

इथे थोडं मागे जायला हवं.

आमच्याकडे बेसबॉल कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. घरात सगळं क्रिकेट. मागच्या उन्हाळ्यात आम्ही न्यू जर्सीला नणंदेकडे गेलो, तिच्या मुलीबरोबर ही अंगणात बॉल फेकाफेकी खेळली आणि परत आल्यावर म्हणाली, "इथे कुठे असतं का गं हे?" मी शोधलं. होतं. हिवाळाभर एका शाळेच्या हॉलमध्ये सराव, मऊ बॉल, फरशीवर चिकटपट्टीने आखलेलं मैदान. मी तिला सोडायची, गाडीत बसून ऑफिसच्या ईमेल उरकायची आणि घेऊन यायची. पोहणं, कथ्थक आणि व्हायोलिनच्या वेळी हेच केलं होतं. ते सगळं सुटलं. हेही सुटेल असं मी धरून चालले होते.

पण पहिल्याच दिवशी कोचबाईंनी, उंच, कायम घसा बसलेली बाई, हिला डाव्या हाताने बॉल फेकताना पाहिलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओह, वी'व्ह गॉट अ लेफ्टी!" फर्स्ट बेसवर डावखुरा खेळाडू मिळाला तर कोचला लॉटरी लागल्यासारखं असतं म्हणे. पळणारा बेसवर पोचायच्या आत मैदानातला जवळजवळ प्रत्येक बॉल तिथेच फेकला जातो, आणि डावखुऱ्याला तिथून वळून फेकणं सोपं जातं.

ही गोष्ट माझ्या मुलीने त्या संध्याकाळी मला चार वेळा सांगितली. "आई, तिला लेफ्टीच हवी होती." आमच्या घरात डावखुरेपणाचं कौतुक कधी कुणी केलेलं नाही. प्रसादाला हात पुढे केला की सासरे दरवेळी म्हणायचे, "उजवा, ठमाबाई, उजवा." ते रागाने म्हणत नसत, पण चुकतही नसत. ती निमूट हात बदलायची. सप्टेंबरमध्ये तिची एकुलती एक मैत्रीण लीड्सला राहायला गेली आणि तेव्हापासून ही शाळेत लायब्ररीत बसून डबा खाते. तोही अर्धा तसाच घरी येतो, त्यावरून मला कळतं. बेसबॉलच्या दिवशी मात्र गाडीत बसल्यापासून तोंड बंद नसायचं. कुणी काय केलं, कुणाच्या बुटात च्युइंगगम निघालं, कोण कुणाला काय म्हणालं. हे तिच्यासाठी काय आहे ते मी ओळखलं होतं. बोलून दाखवलं नाही, नाहीतर तिने तेही सोडून दिलं असतं.

फेब्रुवारीत नणंदेने वाढदिवसाला ग्लोव्ह पाठवला. खऱ्या चामड्याचा, डावखुऱ्यांचा, म्हणजे उजव्या हातात घालायचा. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हे काय, एकच? जोडीदार कुठेय?"

"आबा, एकच असतो. दुसऱ्या हाताने थ्रो करायचा."

"आणि तो दुसरा हात गारठला म्हणजे?"

"मग तो खिशात ठेवायचा," ती म्हणाली. दोघं हसले.

नवा ग्लोव्ह पत्र्यासारखा ताठ असतो. तो खेळून खेळून मऊ करावा लागतो. कोचबाईंनी सांगितलं होतं की रोज थोडा वेळ कॅच खेळा, रात्री आत बॉल ठेवून बांधून ठेवा, आणि तेल लावलंच तर थेंबभर. मुलीने हे सगळं आबांना सांगितलं. आबांनी त्यातलं तेल तेवढं ऐकलं.

त्यांचंही बरोबर होतं. तरुणपणी ते ऑफिसच्या टीममध्ये ओपनिंगला जायचे. नवी बॅट आली की तिला अळशीचं तेल पाजायचं, आडवी ठेवून मुरू द्यायची, मग पुन्हा पाजायचं. हा त्यांचा सोवळ्यातला विषय, नवऱ्याला लहानपणी त्या बॅटला हात लावायची परवानगी नसायची. शिवाय आल्या दिवसापासून त्यांची एकच तक्रार होती. "मला काहीतरी काम दे गं. पाहुण्यासारखं बसवून ठेवू नकोस." फ्रिजवर माझी यादी असते, प्रत्येकाचा रकाना वेगळा. त्यांच्या रकान्यात औषधं, फिरणं, कोथिंबीर निवडणं होतं. त्याखाली मी लिहिलं: ग्लोव्ह.

त्यांनी ते काम मनावर घेतलं. हाय स्ट्रीटवरच्या खेळाच्या दुकानात चालत जाऊन क्रिकेटच्या बॅटीला लावायचं तेल आणलं. रोज जेवणं झाली की जुन्या बनियनच्या बोळ्याने ते ग्लोव्हवर चोळायचे, आत बॉल ठेवायचे, वरून तेच बनियन गुंडाळून सुतळी, आणि मग सगळं गाठोडं वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांच्या मागे.

"तिथे का, बाबा?" मी विचारलं होतं.

"अगं, इथे केवढा दमटपणा! पुण्यात पावसाळ्यात चपलांना कशी बुरशी धरते पाहिलंयस ना? चामड्याला ऊब लागते."

यातही तर्क होता. मार्च हा इथला सगळ्यात थकवणारा महिना. जानेवारीकडून कुणाची काही अपेक्षा नसते. मार्चमध्ये डॅफोडिल्स उगवतात, ऑफिसमध्ये लोक 'स्प्रिंग आला' म्हणून पातळ जॅकेटात येतात, आणि दुपारी गारा पडतात. घरात प्रत्येक रेडिएटरवर कपडे. खिडक्यांना आतून घाम. वाळलेले मोजे हे आमच्याकडे सणासारखे. अशा घरात एकच कोरडी, उबदार जागा होती, आणि त्यांनी ती नातीच्या ग्लोव्हला दिली.

ती बघायला मागायची, तर म्हणायचे, "अजून पिकतोय. आंबा अढीत घातला की सारखं उघडून बघायचं नसतं."

सराव चालू असता तर लगेच कळलं असतं. पण मार्च लागला तसा सराव हॉलमधून मैदानावर हलवला आणि मैदान पाण्याखाली गेलं. दर आठवड्याला कोचबाईंचा तोच मेसेज, ग्राउंड खेळण्यासारखं नाही, सॉरी. हवामानाचं ॲप एक सांगायचं आणि सासरे मागच्या दारातून बघून दुसरं सांगायचे. बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. म्हणजे पाऊसच.

ट्रायलच्या आधीच्या शुक्रवारी, चहाच्या वेळेला, त्यांनी गाठोडं खाली आणलं. सुतळी सोडली. बनियन उलगडलं. ग्लोव्ह काकवीच्या रंगाचा झाला होता आणि शिळ्या भाकरीसारखा वाळला होता. वरून जरासा चिकट. आतला बॉल काढायला नवऱ्याला दोन्ही हात लावावे लागले.

मुलीने तो हातात घातला. बोटं मिटायचा प्रयत्न केला. आबांनी अगदी हळू, लहान मुलाला फेकावा तसा बॉल फेकला. टक् करून तो बाहेर उडाला आणि सोफ्याखाली गेला.

"थोडा कडक वाटतोय," ते म्हणाले. "बॅट पण आधी अशीच लागते. जरा ठोकायला हवा."

"आबा, बॅट कडकच हवी. हा बंद व्हायला हवा."

नवऱ्याने तोवर फोनवर बघितलं होतं. "बाबा, अळशीचं तेल वाळून घट्ट होतं. रंगात घालतात ते. आणि तुम्ही वर तो गरम टाकीच्या कपाटात ठेवलात."

"मला तेल शिकवू नकोस."

मुलगी ओरडली नाही, रडली नाही. ग्लोव्ह टेबलावर ठेवून वर गेली. मला तेच जास्त लागलं. सासऱ्यांनी बनियनची नीट घडी घातली, जणू ते पुढेही लागणार होतं.

शनिवारी मी माझं काम केलं, म्हणजे फोन. क्लबकडे जादा ग्लोव्ह होते, सगळे उजव्या हाताने फेकणाऱ्यांचे. डावखुऱ्यांचा एकच, तो आधीच दुसऱ्या मुलीला दिलेला, आणि तीही याच ट्रायलला येणार होती. दुकानं: "डावखुऱ्यांचा? मागवावा लागेल." मागवला. बुधवारी येणार. ट्रायल रविवारी.

मग आम्ही त्या वाळक्या चामड्याच्या मागे लागलो. नवऱ्याने कोमट फडक्याने पुसला. मी कणीक तिंबतात तसा तिंबला. सासरे स्वयंपाकघरात गेले, खलातला बत्ता घेऊन आले आणि मागच्या पायरीवर बसून ग्लोव्हचा तळवा ठोकत राहिले. शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली. संध्याकाळपर्यंत ग्लोव्ह अंगठ्याच्या रुंदीएवढा मिटायला लागला. हातात वेलदोड्याचा वास राहिला.

म्हणून रविवारी सकाळी ते आमच्याकडे पाठ करून दाराशी उभे होते.

"बाबा, चला, निघायचंय."

"तुम्ही जा. मला थंडी बाधते."

"ट्रायलसाठी म्हणून थर्मल घेतलेत ना तुम्ही?" नवरा म्हणाला.

"घेतले. घालेन कधीतरी."

"आबा," मुलगी पायरीवरून म्हणाली, "तुम्ही नाही आलात तर माझ्या बॅगेवर कोण बसणार? ओली होते." ते आले. पण मैदानावर पोचल्यावर गाडीतच बसून राहिले, बॅग मांडीवर घेऊन.

मैदान म्हणजे रग्बीचे खांब असलेली हिरवी चिखलाची चादर. त्यावर रबरी बेस मांडलेले. वारा असा की फोल्डिंग खुर्च्या आपोआप चालत होत्या. माझ्या शेजारी एक आई उभी होती, तिच्या टोपीवर गारा साठल्या होत्या, आणि ती मला म्हणाली, "निदान आता दिवस मोठा होतोय, नाही का?" मी हो म्हटलं. इथे या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

पळण्यात मुलगी चांगली होती. बॅटिंगमध्ये दोनदा बॉल पार रस्त्याच्या कुंपणापर्यंत गेला, नवऱ्याने शिट्टी मारली आणि तिने त्याच्याकडे 'डॅड, प्लीज' अशी नजर टाकली. मग तिला फर्स्ट बेसवर उभं केलं. समोरून मुलं एकामागून एक बॉल फेकत होती. पहिला ग्लोव्हवर आपटून खाली. दुसरा तसाच. तिसऱ्याला तिने ग्लोव्ह ढालीसारखा धरला, बॉल अडवला आणि डाव्या हाताने छातीशी दाबला. झेल झाला. पण तोवर पळणारी मुलगी बेसवर पोचली होती. त्यानंतर ती सगळे बॉल तसेच घेत राहिली, अडव आणि दाब, अडव आणि दाब. काही हातात राहिले, बरेच निसटले. पाय मात्र दरवेळी बरोबर जागी. मी गाडीकडे बघितलं. सासऱ्यांनी काचेवरची वाफ पुसून हाताएवढी जागा केली होती आणि त्यातून ते बघत होते.

शेवटी कोचबाई आमच्याकडे आल्या. आवाज नेहमीपेक्षा बसलेला. हिचे पाय सुंदर आहेत, म्हणाल्या, डोकं पण आहे. पण फर्स्ट बेसला मला बॉल धरणारं कुणीतरी हवं. टीम जवळजवळ ठरली आहे, एक जागा ठेवली आहे. हिला आणि त्या दुसऱ्या मुलीला, दोघींना पुढच्या रविवारी पुन्हा बघते. "बंद होणारा ग्लोव्ह घेऊन ये," एवढं त्या मुलीला म्हणाल्या.

गाडीत सासऱ्यांनी बॅग मागे दिली.

"काय म्हणाल्या बाई?"

"नेक्स्ट संडे परत."

"का?"

नवऱ्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. काहीतरी गोल गोल बोलायची आमची दोघांची तयारी झाली होती. मुलीची नव्हती.

"ग्लोव्ह बंद होत नाही ना, आबा. म्हणून."

"म्हणजे माझ्यामुळे."

"हो." मग बॅगेची चेन लावत, "पण तुम्हाला माहीत नव्हतं. मला पण नव्हतं. मी मध्ये बघायला पाहिजे होतं."

ते खिडकीकडे वळले. ए-फोर रस्त्यावर लाल सिग्नल लागला होता आणि आम्ही सगळे तो दिवा फार लक्ष देऊन बघत बसलो. घरी आल्यावर त्यांनी कानटोपी काढली आणि मला म्हणाले, "त्या यादीतून माझं ते काम काढून टाक."

मी काढलं नाही. वेळ झाला नाही, असं म्हणू. भाजी आणायची होती, स्वेटर धुवायचा होता. बुरशी पुसायची राहिली.

सोमवार ते बुधवार म्हणजे ट्रक, डबे, पाऊस. नवरा बेसिंगस्टोकला, या आठवड्यात क्लायंटकडे रोज जायचं असल्याने घरी यायला उशीर. बुधवारी खोकं आलं. मुलीने ते हलवून बघितलं, पण उघडलं नाही. तिला गृहपाठाचा ढीग होता.

"आबा करतील," ती म्हणाली. "ते दिवसभर घरी असतात. मी शाळेतून आले की लाइट असेपर्यंत कॅच. त्याआधी त्यांनी नुसता हातात घालून उघडबंद करायचा, टीव्ही बघताना."

"मी करते की," मी म्हटलं. "कॅच मी पण खेळेन."

"आई, तू बॉल फेकत नाहीस. पार्सल दिल्यासारखा देतेस. सही घ्यायची बाकी राहते फक्त."

सासरे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "मी त्याला हात लावणार नाही. तुमचं अमेरिकन चामडं तुम्हीच बघा."

"मग संडेला मी काय घालू? ओव्हनचा मिट?"

"घाल. तो तरी मऊ आहे."

ती फ्रिजपाशी गेली, पेन काढलं आणि त्यांच्या रकान्यात 'ग्लोव्ह'च्या खाली इंग्रजीत लिहिलं: कॅच, रोज, नो ऑइल. 'नो'खाली दोन रेघा. मग वर गेली. सासरे पाणी प्यायला उठले, ते वाचलं, आणि पाणी न पिताच परत येऊन बसले. यादी त्यांनी फाडली नाही.

आज गुरुवार. मी घरून काम करते आहे. दुपारी अचानक आभाळ उघडलं आणि मागच्या लॉनवर ऊन आलं, पातळ, पण ऊन. गवताला वाफ सुटली. सासरे मागच्या दाराशी गेले, दार उघडून बराच वेळ उभे राहिले, चपलेने गवत दाबून बघितलं. किती भिजलंय ते बघत होते, मैदान बघतात तसं. मग आत आले, टेबलावरचं खोकं उचललं, हातात तोललं आणि होतं तसं ठेवलं.

मी कॉलवर होते. मधेच माइक बंद करून, ड्रॉवरमधली कात्री काढून खोक्यावर ठेवली आणि माझ्या खुर्चीत परत आले. पलीकडे कुणीतरी उद्याच्या ट्रकबद्दल विचारत होतं.

थोड्या वेळाने वळून बघितलं तर कात्री पुन्हा ड्रॉवरमध्ये गेली होती. ते खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर, खोक्याकडे बघत.

"बाबा, ती येईलच आता शाळेतून."

"माहीत आहे."

"ऊन आहे तोवर..."

"माहीत आहे गं."

माझा कॉल संपायचाय. गवत जरा सुकलंय. नव्या ग्लोव्हला मऊ व्हायला शनिवारपर्यंतच्या सगळ्या दुपारी लागतील, आणि त्यातली एक आता संपत आली आहे. खोक्याची टेप अजून कापायची आहे.